अकरा वर्षांचा संगणक : सुधारावा की बदलावा?

साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या घरचे हे प्रकरण आहे. २०१४ च्या दिवाळीत असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप २०२५ च्या दसऱ्यालाही चालू होता, पण तो वापरणाऱ्या तिघांचाही धीर सुटत चालला होता. त्यातच विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार असल्याची सूचना पडद्यावर वरचेवर झळकू लागली आणि ‘चालतंय तोवर चालू दे’ हे घरातले जुने धोरण यापुढे पुरणार नाही, असे सर्वांनाच वाटू लागले. शिक्षकांना घरात आणि सोसायटीतही अप्पा म्हणतात. त्यांच्या सांगण्यावरून मी यंत्र तपासले आणि पुढच्या निर्णयात सहभागी झालो. तो निर्णय कोणत्या मोजमापांवर आणि कोणत्या हिशोबाने झाला, याची ही नोंद आहे.

यंत्राची घडण त्या काळच्या मानाने चांगली होती. इंटेलचा कोअर आय३-४१५० हा चौथ्या पिढीतला दोन कोअरचा प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारा मुख्य बोर्ड), ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा भाग) आणि १३६६ × ७६८ रिझोल्यूशनचा साडेअठरा इंची मॉनिटर. आरंभी विंडोज ७ होते. पुढे मोफत मिळालेल्या संधीत ते विंडोज १० झाले. परवाना अस्सल होता. ही बाब पुढे फार उपयोगी पडली, कारण आपल्याकडे असेंबल केलेल्या यंत्रांत ती गृहीत धरता येत नाही.

यंत्रावर कामे होती ती अशी. अप्पा गृहनिर्माण सोसायटीचे सचिव आहेत. सभेची इतिवृत्ते, नोटिसा आणि देखभाल शुल्काचा एक्सेलमधला हिशोब त्यांच्याकडे असतो, आणि त्यांतील बराचसा मराठी मजकूर यूएसबी डॉंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय न उघडणाऱ्या एका जुन्या टंकलेखन सॉफ्टवेअरमध्ये आहे. सूनबाई नेट बँकिंग, बिले आणि अधूनमधून सरकारी अर्ज यांपुरता संगणक वापरतात. नात बारावी विज्ञान शाखेत आहे. तिची व्याख्याने यूट्यूबवर असतात, आणि एमएचटी-सीईटी संगणकावर द्यावी लागत असल्यामुळे सराव चाचण्याही मोबाइलवर न देता मोठ्या पडद्यावर द्याव्यात, असा तिच्या शिक्षकांचा आग्रह होता. खेळ, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेखाटन यांपैकी काहीही या घरात होत नव्हते.

ज्या दुकानातून अप्पा शाई आणि केबल आणतात तेथील सल्ला तत्काळ मिळाला होता : “काका, याच्यात आता पैसे घालू नका, नवीनच घ्या.” सोबत दोन अंदाजपत्रके होती. पहिले बाराव्या पिढीच्या आय३ प्रोसेसरवर असेंबल केलेल्या डेस्कटॉपचे, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली जलद डिस्क) यांसह सुमारे २७,००० रुपयांचे. त्यात मॉनिटर नव्हता आणि विंडोजचा परवानाही नव्हता. परवान्याबद्दल विचारल्यावर “ते आम्ही अॅक्टिव्हेट करून देतो” एवढेच उत्तर मिळाले. याचा अर्थ काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. दुसरे अंदाजपत्रक दिवाळीच्या ऑफरमधील ऑल-इन-वनचे (पडद्यातच संगणक असलेल्या यंत्राचे), ४५,००० रुपयांच्या आसपासचे आणि बिनव्याजी हप्त्यांचे होते. दरवर्षीप्रमाणे ‘फॉरमॅट मारून’ घेण्याचा पर्याय होताच. फॉरमॅटने यंत्र महिना-दोन महिने हलके वाटते आणि पुन्हा पूर्वपदावर येते, हा अनुभव अप्पांनी स्वतःच सांगितला.

तपासणीत काय दिसले

यंत्र जुने आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही; कामाची वाट नेमका कोणता भाग अडवतो आहे, हे आधी पाहावे लागते. सुरू केल्यापासून ब्राउझर वापरण्याजोगा होईपर्यंत साडेसहा मिनिटे लागत होती. या सर्व काळात टास्क मॅनेजर उघडा ठेवला, तेव्हा प्रोसेसर क्वचितच ३० टक्क्यांच्या वर जात होता, रॅम ८५ ते ९० टक्के भरलेली होती आणि डिस्क मात्र अखंड १०० टक्क्यांवर होती. विशेष असे की, १०० टक्के व्यग्र असलेली ही डिस्क प्रत्यक्षात सेकंदाला एक-दीड एमबीच माहिती देत होती.

हा विरोधाभास यांत्रिक हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा वाचक-शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि शीर्ष योग्य मार्गावर सरकवण्यात आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एका वाचनाला साधारण १३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वाचने होतात. एखादी मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या पुढे जाते. परंतु विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली विखुरलेल्या जागांवरून उचलाव्या लागतात, आणि ४ केबीचा एकेक तुकडा असा वेचायचा झाला तर सेकंदाला ३०० केबीच हाती लागतात. त्यातच रॅम कमी असल्यामुळे विंडोज मेमरीतले माहितीचे तुकडे सतत डिस्कवर लिहीत-वाचत राहते आणि आधीच रांग लागलेल्या डिस्कवर आणखी बोजा पडतो. म्हणजे ४ जीबी रॅमचे दुखणेसुद्धा शेवटी डिस्कच्याच दारात येऊन थांबत होते.

दुसरी बाब अधिक गंभीर होती. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती पिवळ्या रंगात दाखवली : चालू तास चोवीस हजारांच्या वर, काही सेक्टर (डिस्कवरील माहितीचे छोटे कप्पे) बदली जागांवर हलवलेले आणि काही ‘प्रलंबित’, म्हणजे वाचताना अडखळलेले पण अद्याप निकालात न निघालेले. अशी डिस्क दोन वर्षेही चालू शकते आणि उद्याही बंद पडू शकते. सोसायटीच्या अकरा वर्षांच्या नोंदी तिच्या ‘डी’ ड्राइव्हवर होत्या आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. इथे मी निर्णयाची चर्चा थांबवून आधी सर्व माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. संगणक नवा घ्यायचा की जुना ठेवायचा, या वादात हे काम मागे पडते, आणि नेमके तेच पहिले करायला हवे.

कॅबिनेट उघडल्यावर बाकीचे कळले. प्रोसेसरच्या पंख्याखालील हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता आणि थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे भाग) सपाट आणि स्वच्छ होते, पण एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्चने पाहता आतल्या दोन कपॅसिटरांची टोके फुगलेली दिसत होती. वीज जाऊन आल्यावर यंत्र कधीकधी आपोआप रीस्टार्ट होते, ही सूनबाईंची तक्रार त्यामुळे समजण्यासारखी होती. तारीख मागे जाऊन बँकेचे संकेतस्थळ ‘असुरक्षित’ दिसणे हा मात्र मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराच्या सीआर२०३२ सेलचा प्रश्न होता. चाळीस-पन्नास रुपयांच्या या सेलमुळे घरातल्यांना व्हायरस आल्याची शंका होती.

यूट्यूबचे अडखळणे मात्र डिस्कच्या खात्यात टाकता येत नव्हते. यूट्यूब आता बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या आकुंचन-पद्धतीने पाठवते. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधील ग्राफिक्सला एच.२६४ या जुन्या पद्धतीचे व्हिडिओ उलगडणारे स्वतंत्र सर्किट आहे, पण या दोन पद्धतींसाठी नाही. त्यामुळे सगळा भार दोन कोअरवर पडतो आणि व्याख्यान चालू असताना दुसरी खिडकी उघडली की चित्र अडकते. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन टाकून यूट्यूबला एच.२६४ पाठवायला भाग पाडले, तेव्हा ७२० रिझोल्यूशनच्या व्याख्यानात प्रोसेसरवरचा भार निम्म्याहून खाली आला. मॉनिटरच ७६८ ओळींचा असल्यामुळे याहून वरच्या दर्जाचा इथे फारसा उपयोग नव्हताच. या दुरुस्तीला एकही रुपया लागला नाही.

पैसे कुठे घालायचे

जुन्या यंत्रावर खर्च करताना मी एक कसोटी वापरतो : हे पैसे पुढच्या यंत्रात नेता येतील, की या मदरबोर्डबरोबरच बुडतील? या कसोटीवर सुट्या भागांची किंमत निराळी दिसू लागते. एसएसडी आज इथे लावली तरी उद्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये किंवा यूएसबी खोक्यात घालून वापरता येते. मॉनिटर तर दोन-तीन संगणकांना पुरतो. याउलट जुन्या सॉकेटचा (बोर्डवर प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा) प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम यांना नव्या यंत्रात जागा नाही.

प्रोसेसर बदलण्याचा पर्याय त्यामुळेच मागे पडला. त्याच सॉकेटमध्ये बसणारा चार कोअरचा जुना आय५ सेकंडहँड बाजारात तेव्हा तीन हजारांच्या आसपास मिळत होता आणि ‘आय३चा आय५ झाला’ हे ऐकायलाही बरे वाटते. पण तपासणीत प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामाच बसलेला होता. पिढी तीच असल्यामुळे व्हिडिओचा प्रश्नही मुळातून सुटणार नव्हता. आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचेच असल्यामुळे त्या दारातूनही प्रवेश मिळणार नव्हता. रॅम कसोटीवर नापास होऊनही घ्यायची ठरली, कारण ८ जीबीची एक पट्टी बाराशे रुपयांना मिळत होती आणि तिच्याशिवाय एसएसडीवरही मेमरीची ओढाताण चालूच राहिली असती. एच८१ बोर्डला दोनच स्लॉट असतात आणि कमाल १६ जीबी चालते. जुनी ४ जीबीची पट्टी तशीच ठेवून १२ जीबी पुरेशी होती.

एसएमपीएसबाबत चर्चा थोडी लांबली. पुढचे यंत्र लॅपटॉप असेल तर हा खर्च बुडीतच, हे अप्पांनी बरोबर हेरले होते. तरीही फुगलेल्या कपॅसिटरचा एसएमपीएस तसाच ठेवून त्याच्यावर नवी एसएसडी लावणे मला मान्य नव्हते. इतर भागांचे रक्षण करणाऱ्या भागाला पुनर्वापराची कसोटी लावू नये, असे माझे मत आहे. नामांकित कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस सुमारे २,२०० रुपयांना आला; दोन-चारशे वाचवण्यासाठी बिननावाचा घेतला असता तर हे सगळे पुन्हा करावे लागले असते.

राहिला प्रश्न विंडोजचा, आणि दुकानातील चर्चेत खरा जोर याच मुद्द्यावर होता. सपोर्ट संपला म्हणजे संगणक बंद पडतो, असा घरात समज झाला होता. प्रत्यक्षात यंत्र चालूच राहते; थांबतात त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. ज्या यंत्रावर नेट बँकिंग आणि सोसायटीचे खाते हाताळले जाते तिथे त्यांच्याशिवाय राहणे योग्य नव्हते. मात्र घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवण्याची सोय ठेवली आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असावी, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावे आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवावा, म्हणजे नोंदणी विनामूल्य होते. अन्यथा १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर असे पर्याय आहेत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. खाते उघडण्याला अप्पांचा थोडा विरोध होता, तो सूनबाईंनी आपले खाते वापरून मिटवला.

यंत्राची पात्रता-तपासणी वगळून विंडोज ११ बसवून देणारे अनेक जण आहेत आणि ते तांत्रिकदृष्ट्या शक्यही आहे. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलेले आहे. ज्यासाठी खटाटोप करायचा तीच गोष्ट बेभरवशाची होते. विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार झाला. यूट्यूब, बँक, लिब्रेऑफिस आणि इन्स्क्रिप्टमधील युनिकोड मराठी यांसाठी ते या यंत्रावर उत्तम चालले असते, पण अप्पांचे डॉंगलवाले सॉफ्टवेअर चालले नसते.

निर्णय फिरवणारी बाब मात्र तांत्रिक नव्हती. नात पुढच्या वर्षी अभियांत्रिकीला गेली तर बहुधा घराबाहेर, वसतिगृहात राहील. तिला तेव्हा लॅपटॉप लागणारच. दिवाळीत ४५,००० रुपयांचा ऑल-इन-वन घेतला असता, तर वर्ष व्हायच्या आत दुसरी तेवढीच खरेदी उभी राहिली असती, आणि पहिल्या यंत्रावर घरात उरले असते ते इतिवृत्त, एक्सेल आणि वीजबिल. शिवाय कोणता लॅपटॉप, हे शाखा ठरल्याशिवाय सांगता येत नाही. संगणकशास्त्राला जो लॅपटॉप पुरतो, तो यंत्र-अभियांत्रिकीच्या थ्रीडी रेखाटनाला पुरेलच असे नाही. विंडोज १० ची मुदत पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आणि महाविद्यालयीन प्रवेश त्याच्या आधी, असा हा मेळ बसत होता. जुने यंत्र थोडक्यात सुधारून वर्षभर वापरावे आणि मोठी रक्कम लॅपटॉपसाठी राखून ठेवावी, असे ठरले.

या निर्णयाची एक दुबळी बाजू आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव झपाट्याने चढले, आणि त्याचा भार लॅपटॉपच्या किमतींवरही पडतो. थांबण्यामुळे हे घर कदाचित काही हजार जास्त मोजेल. तरीही न लागणारे यंत्र आज स्वस्तात घेण्यापेक्षा लागणारे यंत्र उद्या थोडे महाग घेणे मला पटते. पाडव्याच्या मुहूर्ताला काहीतरी घ्यायचेच, या हौसेपुरते मॉनिटरचे नाव पुढे आले आणि मी त्याला अनुमोदन दिले. बावीस इंची, १९२० × १०८० चा पडदा ७,००० रुपयांना मिळाला. अप्पांना जुन्या पडद्यावर ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांत फरक करायला डोळे बारीक करावे लागत होते. शिवाय हा पडदा लॅपटॉपलाही जोडता येईल.

प्रत्यक्ष काम आणि त्यानंतर

काम सोसायटीची वार्षिक सभा आणि तिची कागदपत्रे आटोपल्यावर हाती घेतले. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा अप्पांना निवांत असतो. ५०० जीबीची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी तीन हजारांना आणली. विंडोज नव्याने बसवणे अधिक स्वच्छ ठरले असते, पण डॉंगलच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी ओरखडे पडून निकामी झाली होती, म्हणून ‘सी’ ड्राइव्हचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करावा लागला. प्रलंबित सेक्टर असलेल्या डिस्कचा क्लोन मध्येच अडकण्याची भीती असते. इथे ते सेक्टर ‘डी’ ड्राइव्हच्या हद्दीत निघाल्याने काम सुरळीत पार पडले. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलूनही अॅक्टिव्हेशन शाबूत राहिले.

एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. एच८१ बोर्डवर चारपैकी दोनच साटा पोर्ट ६ गिगाबिट वेगाचे असतात, आणि ते दोन्ही जुनी हार्ड डिस्क व डीव्हीडी रायटर यांनी अडवलेले होते. मदतीला आलेल्या मुलाने एसएसडी मोकळ्या पोर्टमध्ये लावली, तेव्हा सलग वाचनाचा वेग २७० एमबीच्या आसपास अडकला. डीव्हीडीची केबल काढून एसएसडी तिथे जोडल्यावर तो ५२० पर्यंत गेला. दैनंदिन कामात हा फरक फारसा जाणवत नाही हे खरे, पण विनामूल्य मिळणारी गोष्ट का सोडावी?

धूळ, पेस्ट, सेल आणि मजुरी धरून मॉनिटरव्यतिरिक्त खर्च साडेसात हजारांच्या आत राहिला. यंत्र आता पाऊण मिनिटात कामाला तयार होते. व्याख्यान चालू ठेवून शेजारी सराव चाचणीची खिडकी उघडता येते. आपोआप रीस्टार्ट होणे थांबले आहे. नातीचे म्हणणे असे की यंत्र वेगवान वाटत नाही, फक्त आता ते मध्ये येत नाही. माझ्या मते घरगुती संगणकाकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही. जुनी डिस्क आणि एसएमपीएस भंगारवाल्याकडे न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे दिले. डिस्क देण्याआधी तिच्यावरील माहिती पुसून टाकली, कारण सभासदांचे खाते क्रमांक तिच्यावर होते.

आता अप्पांच्या टेबलावरील वहीत पुढील धोरण लिहिलेले आहे. मदरबोर्ड गेला तर दुरुस्ती करायची नाही आणि सेकंडहँड बोर्डही शोधायचा नाही. बोर्ड बदलला की विंडोजच्या परवान्याचा प्रश्न नव्याने उभा राहतो आणि अकरा वर्षांच्या यंत्रात दुसऱ्याचा अकरा वर्षांचा बोर्ड घालण्यात अर्थ नाही. त्या वेळी एसएसडी काढून यूएसबी खोक्यात घालायची आणि मॉनिटरला एखादा मिनी पीसी जोडायचा. यंत्र तग धरून राहिले, तर ऑक्टोबर २०२६ नंतर त्यावर लिनक्स बसवून ते अप्पांकडेच ठेवायचे. त्यासाठी एक काम आधी संपायला हवे : डॉंगलवाल्या सॉफ्टवेअरमधील २०१५ पासूनची इतिवृत्ते युनिकोडमध्ये आणणे. रूपांतराचे साधन जोडाक्षरांत आणि रफारात चुका करते, त्यामुळे प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे लागते. अप्पा वाचतात, नात दुरुस्त करते, आणि सध्या ते २०१८ च्या नोंदींपर्यंत आले आहेत.